पहारेकऱ्याला नेमकं कळतं कधी?

अंधारी गुहा. शेकोटीजवळ एक दरोडेखोर बसला आहे. त्याच्यापासून सात-आठ पावलांवर, खांबाच्या सावलीत, आपलं पात्र दबकून बसलेलं. पायाखाली काहीतरी करकरतं. दरोडेखोर उठतो, तलवार उपसतो, ‘कोण आहे?’ म्हणून दरडावतो, इकडेतिकडे फिरून बघतो आणि थोड्या वेळाने ‘वारा असेल’ अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटत परत शेकोटीशी जाऊन बसतो.

२०११ साली आलेल्या ‘स्कायरिम’ या कल्पनारम्य खेळातला हा नेहमीचा प्रसंग. मुलं तो सहज स्वीकारतात. मागे उभे राहून बघणारे आईवडील मात्र हमखास म्हणतात, ‘असं कुठे असतं का? एवढ्या जवळचा माणूस दिसत नाही?’

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याच्या आसपास राहणाऱ्यांना अर्धं तरी ठाऊक असतं. जावळीच्या रानात बिबट्या आहे हे सगळ्यांना माहीत असतं. सकाळी वाटेवरच्या धुळीत त्याचे ताजे ठसे मिळतात, कधी गोठ्यातलं वासरू जातं. पण ज्या वाटेवर ठसे मिळाले त्याच वाटेने रात्री घरी आलेल्या माणसाला काहीही दिसलेलं नसतं. बिबट्या अदृश्य झालेला नसतो, माणसाचे डोळेही बिघडलेले नसतात. तरी कळत नाही. खेळ लिहिणाऱ्यांनी हेच ‘कळत नाही’ आकड्यांत बसवलं आहे, आणि ते कसं बसवलं हे समजून घेतलं की खेळ नीट खेळता येतो, शिवाय आपल्या इतिहासातल्या काही रात्रीही जास्त स्पष्ट दिसू लागतात.

फाशापासून नजरेपर्यंत

कल्पनारम्य भूमिकांच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे १९७४ साली अमेरिकेत निघालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. हा कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा खेळ. पुढच्याच वर्षी त्याला ‘ग्रेहॉक’ नावाची पुरवणी जोडली गेली आणि तिच्यातून चोर हे पात्र आलं. सावलीत लपणं आणि आवाज न करता चालणं ही त्याची दोन वेगळी कौशल्यं होती आणि दोन्ही टक्क्यांत मोजलेली. फासे टाकायचे, आकडा टक्क्यांच्या आत आला तर लपलात, नाही तर सापडलात. पहारेकरी कुठे बघतो आहे, उजेड किती आहे, याचा विचार खेळ चालवणाऱ्याने आपल्या मनाने करायचा.

संगणकावर हे चित्र बदललं ते १९९८ च्या ‘थीफ’ या खेळाने. त्यातल्या पहारेकऱ्यांना खरोखरची नजर आणि खरोखरचे कान दिले होते. पडद्याच्या तळाशी एक रत्न असे. आपण उजेडात गेलो की ते उजळायचं, काळोखात शिरलो की विझायचं. गालिचावर चाललं तर आवाज नाही, फरशीवर चाललं तर टापटाप. त्यानंतरच्या बहुतेक खेळांनी, स्कायरिमनेही, हाच विचार आपापल्या परीने पुढे नेला.

नजर सगळीकडे सारखी नसते

खेळातल्या पहारेकऱ्याच्या डोळ्यांपुढे एक न दिसणारा शंकू आखलेला असतो. शंकूत जे येतं त्याचाच विचार होतो, पाठीमागच्याचा नाही. मध्ये भिंत असेल तर नजर तिथेच अडते. ‘थीफ’मध्ये असे एकात एक अनेक शंकू होते. समोरचा अरुंद शंकू तिखट, कडेचे रुंद शंकू मंद, आणि कडेच्या शंकूत मुख्यतः हालचालच टिपली जायची.

ही नुसती सोय नाही, माणसाच्या डोळ्याची रचनाच अशी आहे. डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यावर बारीक तपशील आणि रंग ओळखणाऱ्या पेशींची दाटी असते, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी मध्यावर नसतात, त्या सभोवार पसरलेल्या असतात. कासच्या पठारावर काळोख्या रात्री एखाद्या अंधूक ताऱ्याकडे टक लावून बघा. तो नाहीसा होतो. नजर जराशी बाजूला वळवा, पुन्हा दिसतो. अंधारात नेमकं जिथे बघावं तिथेच आपण आंधळे असतो. कडेची नजर हालचाल चटकन पकडते, मात्र हललं ते काय होतं हे तिला सांगता येत नाही. म्हणून दबा धरलेला बिबट्या सावज मान वर करतं तेव्हा आहे त्या ठिकाणी थिजतो आणि मान खाली गेली की सरकतो. स्कायरिममध्येही पहारेकऱ्याची मान वळताच जागीच थांबणारा खेळाडू पळ काढणाऱ्यापेक्षा जास्त वेळा वाचतो.

उजेडाचं आणखी एक अंग आहे. डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि डोळ्यांवर एकदा उजेड पडला की ती सवय मोडते. हातात मशाल धरून गस्त घालणारा पहारेकरी स्वतः लांबून दिसतो, पण त्याला मात्र उजेडाच्या वर्तुळापलीकडचं काही दिसत नाही. बहुतेक खेळ एवढ्या खोलात जात नाहीत. आपल्यावर किती उजेड पडला आहे तेवढं ते मोजतात. बघणाऱ्याचे डोळे कशाने दिपले आहेत हे मोजत नाहीत. ते मोजायला हवं असं मला वाटतं, कारण रात्रीच्या पहाऱ्याची खरी कमजोरी तीच आहे.

पायाखालचं

आवाजाचं गणित त्यामानाने सोपं. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की कानापर्यंत पोचणारी आवाजाची ऊर्जा चौथाई होते. म्हणून पहिली चार पावलं मागे सरकण्याने जेवढा फायदा होतो तेवढा पुढच्या चार पावलांनी होत नाही. स्कायरिममध्ये अंगावरचं चिलखत जेवढं जड तेवढा आवाज मोठा, आणि धावणं चालण्यापेक्षा महाग. पावलांचा आवाज बुजवणारा एक मंत्रही आहे. तो मिळाला की जड चिलखताचाही अडसर उरत नाही.

पण आवाज कमी करणं हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग तो दुसऱ्या आवाजात मिसळून टाकण्याचा. मेढ्याला आषाढात कौलांवर पाऊस कोसळत असताना अंगणात कोण आलं ते कळत नाही. फाल्गुनात त्याच अंगणाबाहेर वाळल्या पाचोळ्यावरून मुंगूस गेलं तरी कुत्रं कान टवकारतं. रान तेच, चालणारा तोच. त्याची चाहूल लागेल की नाही हे ऋतू ठरवतो.

संशयाची घागर

आता गुहेतल्या दरोडेखोराकडे वळू. त्याला दिसलं आणि ऐकूही आलं, तरी तो परत का बसला?

तळाला बारीक छिद्र असलेली घागर डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक पहारेकऱ्याच्या डोक्यात अशी एक घागर आहे. आपली सावली हलली की तिच्यात थोडं पाणी पडतं. खडखडाट झाला की जरा जास्त. आपण भर उजेडात समोर उभे राहिलो तर हंडाभर एकदम ओतलं जातं. दुसरीकडे छिद्रातून पाणी सतत ठिबकत असतं. घागर अर्धी भरली की पहारेकरी मान वर करतो, पाऊण भरली की उठून शोधतो, काठोकाठ भरली की हल्ला करतो. मध्ये बराच वेळ काहीच पडलं नाही तर छिद्र आपलं काम करतं आणि तो शेकोटीशी परततो. स्कायरिमच्या पडद्यावर मधोमध दिसणारा डोळा याच पातळीचं चिन्ह आहे. डोळा मिटलेला असला की घागर रिकामी, पूर्ण उघडला की भरली.

म्हणजे लपणं ही हो-नाहीची गोष्ट नाही. कोणाच्याही नजरेस अजिबात न पडणं जवळजवळ अशक्य आहे. समोरच्याच्या मनात संशय कृती करण्याइतका साठू न देणं, एवढंच करायचं असतं. बुजुर्ग खेळाडू चुका करतच नाहीत असं नाही. दोन चुकांमध्ये पुरेसा वेळ जाऊ देतात.

हे यंत्रातल्या पहारेकऱ्यापुरतंच आहे असं वाटत असेल तर पुण्याच्या लाल महालातली ५ एप्रिल १६६३ ची रात्र आठवावी. शाहिस्तेखान महालात मुक्कामाला. महिना रमजानचा, त्यामुळे पहाऱ्यावरचे बरेच जण रोजा सोडून, जेवून झोपी गेलेले. शिवाजी महाराज निवडक माणसांसह मुदपाकखान्याच्या बाजूने आत शिरले. मुदपाकखाना आणि जनानखाना यांच्यामधल्या भिंतीत एक झरोका होता, विटामातीने बुजवलेला. तो फोडायला घेतला. खाफीखान हा मोगल इतिहासकार लिहितो की कुदळींच्या आवाजाने एका नोकराला जाग आली आणि त्याने जाऊन खानाला सांगितलं. खानाने त्यालाच झापलं: पहाटेच्या जेवणासाठी आचारी उठले असतील.

‘वारा असेल’ म्हणणाऱ्या दरोडेखोरात आणि या खानात काय फरक आहे? घागरीत पाणी पडलं होतं, चांगलं तांब्याभर पडलं होतं. पण रमजानात पहाटेपूर्वी मुदपाकखान्यात ठोकाठोक होणं साहजिक होतं, आणि त्या साहजिकपणाच्या छिद्रातून सगळं गळून गेलं. वेळ आणि जागा अशी निवडली होती की आवाज झाला तरी त्याचं निरुपद्रवी कारण आधीच तयार असावं. खाफीखान पुढे सांगतो की काही मावळ्यांनी नगारखान्यात शिरून खानाच्याच नावाने नौबत वाजवायला लावली. त्या गजरात कोणाला कोणाचा हुकूम ऐकू येईना. खान बोटं गमावून जीवानिशी सुटला. त्याचा मुलगा मारला गेला.

संशय झटकून टाकण्यासाठी माणसाचं मन किती उत्सुक असतं, हे मला या प्रसंगातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. झोपेतून उठायला, शस्त्र उचलायला, सगळ्यांना जागं करायला श्रम पडतात, आणि शंका फोल ठरली तर वर हसं होतं. ‘आचारी असतील’ म्हणायला काहीच लागत नाही. खेळ लिहिणाऱ्यांनी पहारेकऱ्याला विसरभोळा केला तो केवळ खेळाडूवर दया म्हणून नव्हे. खरे पहारेकरीही असेच असतात.

सरावाने काय वाढतं

स्कायरिममध्ये वापराल ते कौशल्य वाढतं. लपण्याचं कौशल्य बहुतेक पात्रांचं १५ पासून सुरू होतं आणि १०० पर्यंत जातं. मांजरतोंड्या खजीत जमातीचं पात्र घेतलं तर सुरुवातच २५ पासून. रिकाम्या खोलीत दबकून फेऱ्या मारल्या तर मात्र काही वाढत नाही. ज्याला आपण दिसू शकलो असतो असा कोणीतरी जवळ हवा, आणि त्याला आपण दिसता कामा नये. धोक्याच्या टप्प्यात राहूनच शिकता येतं, हा नियम फार समजून केलेला आहे.

कौशल्य वाढतं म्हणजे नेमकं काय होतं? आपण तेवढ्याच उजेडात, तेवढ्याच अंतरावर असलो तरी घागरीत पाणी कमी पडतं. शिवाय टप्प्याटप्प्याने खास गुण मिळतात. एकाने चिलखताचा आवाज निम्मा होतो, दुसऱ्याने जमिनीतले दाबाचे सापळे पावलाखाली उडत नाहीत.

> खेळायला बसताना
> सुरुवातीला हलकं चिलखत घ्या आणि धावू नका. पहारेकऱ्याच्या फेरीचा मार्ग एकदा पूर्ण बघून घ्या, मगच हला. कडेने जाण्यापेक्षा पाठीमागून जाणं नेहमी बरं. पडद्यावरचा डोळा उघडू लागला तर पळू नका, आडोशाला थांबून तो पुन्हा मिटू द्या. चुकून आवाज झाला तर तीच जागा धरून बसू नका, कारण शोधणारा आधी तिथेच येतो. आणि कौशल्य वाढवायचं तर झोपलेल्या किंवा पाठ फिरवून बसलेल्या शत्रूच्या जवळपास वावरत राहा.

या नियमाला पळवाटाही आहेत. कथेसाठी आवश्यक असलेली काही पात्रं खेळात मरतच नाहीत. त्यांच्या पाठीमागे दबकून बसून वारंवार वार करत राहिलं की कौशल्याचा आकडा झपाट्याने चढतो. मुलं हे एकमेकांना आनंदाने शिकवतात. मला ते पटत नाही. असं केल्याने पात्राचं कौशल्य १०० होतं, पण खेळणाऱ्याला ना फेरी वाचता येते, ना थांबावं कधी हे उमगतं. पुढच्या अवघड खोलीत त्याला आकडा सांभाळून घेतो आणि त्या खोलीतली सगळी गंमत निघून जाते.

खेळातून सुटलेलं रान

मेढा हे आज जावळी तालुक्याचं ठाणं. १६५६ साली महाराजांनी जावळी चंद्रराव मोऱ्यांकडून घेतली आणि त्याच रानाच्या तोंडाशी प्रतापगड उभा राहिला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी गडाखाली अफझलखान मारला गेला तेव्हा त्याची फौज पार गावाजवळ, कोयनेच्या खोऱ्यात उतरलेली होती, आणि भोवतालच्या झाडीत मराठ्यांच्या तुकड्या दबा धरून होत्या. गडावरून तोफेची इशारत झाली आणि त्या तुटून पडल्या.

एक माणूस सावलीत लपतो तेव्हा उजेड आणि आवाज मोजून भागतं. फौजच्या फौज लपते तेव्हा ते हिशेब पुरत नाहीत. पहिली गोष्ट वाटेची. साताऱ्यात ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात लिहिलं आहे की महाराजांनी खानासाठी रान तोडून वाट मोकळी करवली आणि बाकीच्या वाटा बंद केल्या. पाहुण्याची सोय म्हणून केलेलं हे काम. पण त्याने खानाची फौज कुठून येणार, कुठे थांबणार, तिला काय दिसणार, हे सगळं आधीच ठरून गेलं. खेळात पहारेकऱ्याची फेरी आपण नुसती बघतो. इथे ती आखून दिली होती.

दुसरी गोष्ट घागरीची. महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ खानाकडे जाऊन सांगत राहिले की राजे घाबरले आहेत, भेटीला तयार आहेत. अशा प्रत्येक निरोपाने घागरीचं छिद्र मोठं होत गेलं. भेट ठरलेल्या दिवशी कोण पहारा कडक ठेवील?

तिसरी गोष्ट म्हणजे रानातले इतर डोळे. बिबट्या हरणाला फसवतो, पण झाडावरच्या वानराने त्याला पाहिलं तर खकाऱ्यासारखा इशारा सगळ्या दरीभर जातो, सांबर ओरडतं, आणि बिबट्याची शिकार तिथेच संपते. गावात हे काम कुत्री करतात आणि माणसंही. जावळीत हजारो माणसं लपली, पण खोऱ्यातल्या कुणी खानाला खबर दिली नाही. वाटा, पाणवठे, कारवीची दाटी कुठे आणि उघडा कातळ कुठे, हे माहीत असलेली माणसं महाराजांच्या बाजूची होती. बहुतेक खेळांत गावकरी हे नुसते उभे असतात. कोणाचा सुगावा कोणाला द्यायचा हे ते ठरवत नाहीत. वासही खेळात सहसा मोजला जात नाही. लांडग्यासमोर दबकून बसायचं आणि वारा कुठून वाहतो याची फिकीर करायची नाही, हे रानाची ओळख असलेल्या माणसाला खटकतंच.

आणि हेरगिरी. सभासद बखरीत सुरतेची बातमी आणणारे बहिर्जी नाईक येतात. त्यांच्याविषयी लेखी फार थोडं उरलं आहे, आणि हेराच्या बाबतीत ते स्वाभाविकच म्हणायचं. त्यांची म्हणून ओळखली जाणारी समाधी सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या बाणूरगडावर आहे. हेराचं लपणं सावलीतलं नव्हे, भर बाजारातलं. त्याला सगळे बघतात, पण तो तिथे असण्यात कोणाला वावगं वाटत नाही, म्हणून घागरीत थेंबही पडत नाही.

लपणं सोडायचं कधी

स्कायरिममध्ये न दिसता केलेल्या पहिल्या वाराला जास्त जोर असतो: धनुष्याला दुप्पट, एकहाती शस्त्राला तिप्पट, आणि योग्य ते गुण मिळवले तर खंजिराला पंधरापट. बेसावध माणूस ढाल उचलत नाही, अंग चोरत नाही, हा त्यामागचा विचार. तो एक वार झाला की मात्र लपण्याचा उपयोग संपतो.

६ मार्च १६७३ च्या रात्री महाराजांचे कोंडाजी फर्जंद साठ माणसांनिशी शत्रूच्या ताब्यातल्या पन्हाळ्याचा कडा चढले. चढताना आवाज होऊ द्यायचा नव्हता. वर पोचल्यावर त्यांनी चारी बाजूंनी कर्णे फुंकले. गडावरच्या शिबंदीला किती जण आले आहेत आणि कुठून, हेच कळेना. क्षणापूर्वी लपवलेला आवाज आता मुद्दाम केला, कारण साठ माणसं साठच आहेत हे लपवायचं होतं. गड हाती आला.

यात खेळांना अजून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, विशेषतः आठवणीबाबत. स्कायरिमचा दरोडेखोर थोड्या वेळाने सगळं विसरतो आणि त्याला त्याच युक्तीने पुन्हा फसवता येतं. मोगल लाल महालानंतर तसे विसरले नाहीत. शाहिस्तेखानाची रवानगी थेट बंगालला झाली. २०१५ च्या ‘मेटल गिअर सॉलिड ५’ या आधुनिक युद्धावरच्या खेळात शत्रू शिकतो. तुम्ही रात्रीचेच छापे घालत राहिलात तर त्याच्या पहारेकऱ्यांकडे अंधारात बघायची साधनं येतात, डोक्यावर नेम धरत राहिलात तर शिरस्त्राणं दिसू लागतात. कल्पनारम्य खेळांत असा पहारेकरी आला पाहिजे. सातारा-सांगलीकडच्या संगणक शिकणाऱ्या मुलांपैकी कोणी जावळीवर खेळ करायला घेतला, तर त्याने आधी हा आठवण ठेवणारा पहारेकरी लिहावा, मग खबर द्यायची की नाही हे स्वतः ठरवणारे गावकरी लिहावेत, आणि वानरांना झाडावर बसवायला विसरू नये.